मुळे धुण्याचा दिवस

आज दिवसभर हरभऱ्याची मुळे धुतली. सकाळी झाडांचे शेंडे कापताना पानांवरची आंब बोटांना झोंबली आणि त्यानंतर ही झाडे ज्यांत वाढवली त्या मातीने भरलेल्या १२० सेंटीमीटर उंचीच्या नळ्या एकेक करून आडव्या घेऊन, केसासारखी बारीक मुळे तुटू नयेत म्हणून पाण्याच्या अगदी हलक्या धारेने माती सोडवत बसलो. आयसीसी ४९५८ या वाणाची मुळे चाळणीवर पसरली तेव्हा त्यांचा दाट झुपका पाहून हात क्षणभर थांबला.

हरभरा बहुतेक ठिकाणी जमिनीत साठलेल्या ओलीवरच पोसला जातो, त्यामुळे दाणे भरण्याच्या ऐन वेळी त्याला पाण्याचा ताण बसतो. आयसीसी ४९५८ च्या चौथ्या जनुकीय सहलग्नता गटावरील (एकत्र वारशाने उतरणाऱ्या जनुकांच्या संचावरील), मुळांशी आणि ताण सहन करण्याशी निगडित असलेला भाग रेणवीय चिन्हकांच्या, म्हणजे डीएनएमधील ओळखखुणांच्या, साहाय्याने पुसा ३७२ या वाणात आणून पुसा चना १०२१६ हे वाण तयार झाले, याचे मला फार मोल वाटते. तरीही केवळ खोल मुळांवर भिस्त ठेवणे मला पटत नाही, कारण उथळ जमिनीत खाली ओलच नसते आणि सुरुवातीलाच भरभर पाणी ओढणारे झाड शेवटी कोरडे पडू शकते. उष्णतेचा ताण हा तर वेगळाच प्रश्न आहे, कारण फुलोऱ्यात तापमान ३५ अंश सेल्सिअसच्या वर गेले की परागकणांची फलनक्षमता घटते.

धुतलेली मुळे आता वाळवणीत ठेवली आहेत, वजने वाळल्यावर घेईन.