बटाट्या मारुती, पासोड्या विठोबा आणि माझा रविवार

पुण्यात येऊन सहा वर्षं झाली पण पेठा खऱ्या अर्थाने आज बघितल्या. सकाळी तुळशीबागेत मावशीसाठी समया घ्यायला गेले होते, दुकानाचा पत्ता विचारला तर एक आजोबा म्हणाले "जिलब्या मारुतीवरून सरळ जा बाळ". मला वाटलं मीच चुकीचं ऐकलं!! तर खरंच आहे हो, शेजारी जिलेबीची दुकानं होती म्हणून म्हणे मारुतीच जिलब्या झाला. मग मला राहवेना, समया पिशवीत टाकल्या आणि दुपारपर्यंत नुसती देवळं शोधत फिरले. पासोड्या विठोबा, कारण तिथे पासोड्या, म्हणजे अंगावर घ्यायची जाडीभरडी पांघरुणं, विकायला बसायचे. सदाशिव पेठेत उपाशी विठोबा आणि खुन्या मुरलीधर, नाव ऐकूनच काटा येतो पण आत गेलं की इतकं शांत, गार फरशी, तुळशीचा वास.

सगळ्यात आवडला तो शनिवारवाड्यासमोरचा बटाट्या मारुती. पूर्वी भाजीबाजार तिथेच त्या पटांगणात भरायचा, 1886 मधे मंडईची इमारत झाली आणि बाजार तिकडे गेला, बटाटे गेले पण नाव काही गेलं नाही. इवलंसं देऊळ, शेंदूर लावलेला मारुती, आणि एक काकू हात जोडून अगदी घरच्या माणसाशी बोलावं तसं त्याच्याशी बोलत होत्या, मी तिथेच पायरीवर बसून राहिले कितीतरी वेळ.

खूप प्रेम वाटलं आज या गावाबद्दल. तुमच्या भागात असं कुठल्या देवाचं नाव आहे का, सांगा ना, पुढच्या रविवारी तिकडे जाते. गुपचूप गणपती यादीत आहेच ❤️