रामटेक, पण नगरधनकडून

पहिल्यांदा सायकलने निघालो तेव्हा रामटेकला पोचलोच नाही. नागपूरहून जेमतेम पन्नास किलोमीटर. लहानपणी एसटीने पेंगत केलेला रस्ता, त्याची तयारी ती काय करायची, असा माझा हिशेब होता. महिना ऑक्टोबर, निघालो साडेनऊला. पाठीवर सात किलोची सॅक, सीट खाली केलेली (पाय जमिनीला टेकले की बरं वाटतं म्हणून), आणि रस्ता सरळ जबलपूर हायवे. कन्हानच्या पुलापुढे उजवा गुडघा बोलायला लागला आणि टेकाडीच्या पुढे त्याने चक्क नकार दिला. एका रिकाम्या पिकअपवाल्याने सायकल मागे टाकून मला घरी आणून सोडलं. वाटेत त्याने एकच प्रश्न विचारला, "भाऊ, पेट्रोल लई महाग झालं काय?"

दुसऱ्यांदा गेलो तो यंदाच्या जानेवारीत, भाच्याला सोबत घेऊन. तो चोवीस वर्षांचा, मी बावन्नचा. मधल्या तीन महिन्यांत काय बदललं ते आधी सांगतो, कारण खरी मेहनत तिथेच गेली.

गुडघ्याचं कारण सीटची उंची होती. टाच पेडलवर ठेवली आणि पेडल सगळ्यात खाली नेलं, तर पाय सरळ व्हायला हवा. मग चवडा ठेवून पेडल मारताना गुडघा थोडासाच वाकतो. माझी सीट या मापाने चार बोटं खाली होती. म्हणजे मी एवढे दिवस उकिडवं बसून सायकल चालवत होतो. सीट वर घेतली तर थांबताना एका पायाच्या चवड्यावर उभं राहावं लागतं. त्याची भीती आठवडाभर वाटली, मग गेली.

दुसरं, पाठीवरचं ओझं कॅरिअरवर गेलं. दोन्ही बाजूंना लटकणाऱ्या पिशव्या घेतल्या, बैलाच्या पाठीवर गोणी असावी तशा. तिसरं म्हणजे गिअर. सायकलला पुढे तीन चकत्या होत्या, पण सगळ्यात लहान चकती मी कधी वापरलीच नव्हती, कमीपणा वाटायचा. पुढे 28 दात आणि मागे 32 दात लावले की पेडलच्या एका फेऱ्यात चाकाचा पूर्ण एक फेराही होत नाही. वेग माणसाच्या चालण्याएवढा, पण चढ सुटतो. हे आधी फुटाळ्याकडून सेमिनरी हिल्सच्या चढावर आठ-दहा वेळा करून पाहिलं. मॉर्निंग वॉकवाले काका मला मागे टाकून जायचे. जाऊ द्या म्हटलं.

राहिला रस्ता. सगळे नागपूरकर रामटेकला मनसरवरून जातात. मी नकाशा उलटा धरला. कन्हानपासून गावरस्त्यांनी आधी नगरधन, मग रामटेक, तिथे मुक्काम, दुसऱ्या दिवशी मनसर आणि हायवेने घरी. दोन दिवसांत सव्वाशेच्या आत. यात दोन फायदे होते. एक तर थंडीतला वारा उत्तरेकडचा, म्हणजे जाताना तोंडावर आणि येताना, थकलेलो असताना, पाठीशी. दुसरं म्हणजे वाकाटकांची, विदर्भातल्या त्या जुन्या राजघराण्याची, गोष्टही याच क्रमाने चालते. नगरधन म्हणजे त्यांचं नंदिवर्धन. रामटेक म्हणजे रामगिरी. आणि मनसर म्हणजे दुसऱ्या प्रवरसेनाने नंतर हलवलेली राजधानी प्रवरपूर, असं अभ्यासक मानतात. गाडीने गेलं की ही तीन वेगळी 'स्पॉट' होतात. सायकलने ती एकाच शिवारात बसतात.

पहाटे पावणेसहाला झिरो माइलहून निघालो. मेट्रोच्या खांबांखालून ऑटोमोटिव्ह चौक, मग कामठी. 1821 सालची ही छावणी, अजूनही तिथले काही रस्ते झाडीमुळे नागपूरपेक्षा दोन अंश थंड वाटतात. एका टपरीवर तर्री-पोहे खाल्ले. भाचा दुसरी प्लेट मागत होता, मी नको म्हटलं. तर्री पोटात घेऊन वाऱ्याविरुद्ध पेडल मारणं काय असतं ते त्याला पुढच्या तासाभरात कळलंच.

कन्हान ओलांडल्यावर डोंगर दिसतात. भाचा खूश. ते डोंगर नाहीत, कोळशाच्या खुल्या खाणींतून काढलेल्या मातीचे ढिगारे आहेत. कोळशाचे ट्रक मात्र खरे. हा पट्टा मान खाली घालून, एकामागे एक, पांढऱ्या पट्टीच्या आत राहून संपवायचा. तोंडाला रुमाल बांधा, दुसरं काही करता येत नाही.

हायवे सुटला आणि दुनिया बदलली. धानाची कापणी केव्हाच झालेली, बांध्यांत नुसते खुंट. पेंचच्या कालव्याचं पाणी पोचतं तिथे गहू आणि हरभरा. रस्ता अरुंद, कडेला बाभळी. बाभळी म्हटल्यावर पुढचं तुम्ही ओळखलंच असेल.

माझं मागचं चाक बसलं. ट्यूब काढली, हवा भरून गालाजवळ फिरवली, छिद्र सापडलं, घासलं, सोल्युशन लावलं, ठिगळ डकवलं. वीस मिनिटं. भाच्यासमोर जरा मिरवूनही घेतलं. अर्धा किलोमीटर गेलो नाही तर पुन्हा फुस्स. तिथल्या एका शेताच्या मोटरपंपापाशी एक म्हातारबुवा बसले होते. त्यांनी न बोलता घमेल्यात पाणी आणून ठेवलं आणि माझी कारागिरी बघत बसले. शेवटी राहवलं नाही.

"टायरात हात घालून पायलं काय?"

नव्हतं पाहिलं. त्यांनी टायर आतून उलटा करत अंगठ्याने हळूहळू चाचपला आणि एका जागी थांबले. बाभळीच्या काट्याचं टोक, बाहेर पाहिलं तर ठिपक्याएवढं, आतून मात्र नखभर वर आलेलं. ठिगळ लावलेली ट्यूब मी त्याच काट्यावर परत बसवली होती.

"सोलुशन वाळू द्यावं बाप्पा, ओलं असतानी ठिगळ लावलं की थे सरकते," हेही त्यांनीच सांगितलं. तुमचीही सायकल आहे का, विचारलं. म्हणाले, पन्नास वर्षं होती, आता पोट्ट्यांनी भंगारात दिली.

नगरधनचा किल्ला बाहेरून चौकोनी, नीटनेटका. आज दिसणारी तटबंदी भोसल्यांच्या काळातली मानतात. किल्ल्यात एका जागी पायऱ्या खाली उतरतात आणि जमिनीखाली देवीचं ठाणं लागतं. दुपारी दीड वाजताही तिथे गार होतं. घामेजलेल्या बनियनने आत शिरलो तेव्हा अंगावर काटा आला. पण मला ओढ होती ती वेगळ्याच गोष्टीची. या गावच्या उत्खननात प्रभावतीगुप्तेच्या नावाची मातीची मुद्रा सापडली आहे, ब्राह्मी अक्षरं आणि शंख असलेली. गुप्त सम्राट दुसऱ्या चंद्रगुप्ताची ही मुलगी, वाकाटकांची सून. नवरा, दुसरा रुद्रसेन, लवकर गेला. मुलं लहान, म्हणून राज्य हिने चालवलं. तिचा एक ताम्रपट अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरला मिळाला. हो, तेच महानुभावांचं रिद्धपूर. तो ताम्रपट दिलाय रामगिरीच्या स्वामींच्या, म्हणजे रामटेकच्या देवाच्या, पायांपाशी बसून.

तटावर चढलो आणि उत्तरेला रामटेकची टेकडी समोर उभी. वर पांढरी मंदिरं. मधे काही नाही, नुसती शेतं. घड्याळ लावून निघालो. नगरधन ते रामटेक सात-आठ किलोमीटर, वाऱ्याविरुद्ध, दुखऱ्या ढुंगणाने, चाळीस मिनिटं. पालखीला दोन तास धरा. राणी सकाळी निघून, दान देऊन, संध्याकाळी आरामात घरी परतत असणार. हे पुस्तकात वाचून मला कधी सुचलं नसतं.

रात्री लॉजवर गरम पाण्याच्या बादलीत पाय बुडवून बसलो. जेवण सावजी. त्याबद्दल दुसऱ्या दिवशी चढावर पश्चात्ताप झाला, तपशील नको.

टेकडीचा चढ लांब नाही, पण वळणावर एकदम अंगावर येतो. इथे लहान चकतीचा अभिमान कामाला आला. भाचा मोठ्या गिअरवर उभा राहून सुसाट गेला आणि दुसऱ्या वळणावर कठड्याला टेकून उभा दिसला. मी त्याच्या बाजूने, चालण्याच्या वेगाने, न थांबता पुढे.

"मामा, थांबा ना!"

थांबलो नाही. चढावर एकदा उतरलं की परत बसून निघणं महाकठीण, हे खरं कारण. दुसरं कारण काय ते त्यालाही कळलं असेल.

वर सायकलींना कुलूप लावा आणि खाण्याची पिशवी हँडलला ठेवू नका; माकडांना पिशवीची चेन उघडता येते. आमची संत्री गेली. राम-लक्ष्मणाची मंदिरं सगळेच बघतात, कालिदासाच्या स्मारकाशी फोटोही काढतात. माझं म्हणणं, वेळ केवल नरसिंहाला द्या. देऊळ लहान, मूर्ती मात्र आडदांड, एका गुडघ्यावर हात टेकून ऐसपैस बसलेली. भिंतीत वाकाटककालीन शिलालेख आहे. अर्धा तास आम्ही होतो, दुसरं कुणी आलं नाही.

उतारावर दोन्ही ब्रेक सतत दाबून धरू नका, दाबा-सोडा करत या. रिम इतकी तापते की बोट लावून भाच्याने हात झटकला.

मनसर सहा-सात किलोमीटर, तेही वाऱ्याची मदत नसताना अर्ध्या तासात. गावाला मँगनीजच्या खाणी, त्यामुळे कडेची माती काळपट. हिडिंबा टेकडीवर पायी चढायचं. 1998 पासूनच्या उत्खननात इथे विटांचं मोठं बांधकाम उघडं पडलं. प्रवरेश्वराचं देवस्थान ते हेच, असं सांगतात. विटा आपल्या आजच्या विटांपेक्षा कितीतरी मोठ्या आणि चपट्या. एका विटेशेजारी मी पंप ठेवून पाहिला.

टेकडीवरून पूर्वेला पुन्हा रामटेक. काल दक्षिणेकडून पाहिलं होतं, आज पश्चिमेकडून. प्रभावतीगुप्तेच्या मुलाने, दुसऱ्या प्रवरसेनाने, राजधानी हलवली खरी, पण आईच्या देवाची टेकडी नजरेआड होऊ दिली नाही, असं मी भाच्याला सांगितलं. तो म्हणाला, "मामा, इथे पाण्याची सोय चांगली दिसते, म्हणून आला असेल." खाली तलाव होता. त्याचंही बरोबर असेल.

परतीचा हायवे वाऱ्याने ढकलत आणला. कामठीला भाच्याने तर्री-पोह्याच्या दोन प्लेट खाल्ल्या आणि मी काही बोललो नाही. घरी आल्यावर मागचा टायर उतरवून आतून अंगठा फिरवला. आणखी एक काटा निघाला, अजून ट्यूबपर्यंत न पोचलेला.