तुम्ही विचारलंत म्हणून: पाणी पेपर मारून जुना रंग परत चमकेल का?

माझ्या गाडीचं बोनेट बघून अधूनमधून कोणी ना कोणी हेच विचारतं, की गाडी जुनी आहे, आधीच्या मालकाने कधीतरी रंगवून घेतलीये, आता रंग पार मेलाय, तर पाणी पेपर (पाण्यात भिजवून घासायचा बारीक सँडपेपर) मारून पॉलिश केलं तर चमक परत येईल का आणि घरच्या घरी जमेल का. येते. जमतं पण. फक्त मी लगेच उलटा प्रश्न टाकतो, वर रंग कुठला मारलाय माहितीये का, आणि इथे बहुतेक जण गप्प होतात.

कंपनीतून आलेल्या रंगाचा अंदाज तरी असतो. पत्र्यावरचे सगळे थर मिळून साधारण 100 ते 150 मायक्रॉन, त्यात वरचा क्लिअर कोट, म्हणजे रंगावरचा पारदर्शक थर, 40-50 च्या आसपास, म्हणजे डोक्यावरचा केस बरेचदा त्याहून जाड निघेल. परत रंगवलेल्या गाडीचा मात्र काही नेम नाही. एका दारावर 120, शेजारच्या फेंडरवर 300, आणि मधेच कुठे 800 वगैरे दिसलं तर खाली पुट्टी भरलीये समजा. जाडी मोजायचं मीटर मिळतं, घ्याच, पण प्लास्टिकच्या बंपरवर साधं मीटर चालत नाही आणि मुख्य म्हणजे ते एकूण जाडी सांगतं, त्यात क्लिअर किती आणि खालचा जुना रंग नि प्राइमर किती हे त्याला कळत नाही. हे मला महागात पडलंय, येतो त्यावर.

मग पांढऱ्या फडक्यावर थोडं पॉलिश घेऊन एका कोपऱ्यात घासून बघा. फडक्याला गाडीचा रंग लागला तर वर क्लिअर नाहीच, साधा सिंगल स्टेज रंग आहे, आणि अशा रंगावर जी खडूसारखी पावडर धरते ती नुसत्या कंपाउंडनेच (घासून चमक आणायची पेस्ट) निघते बरेचदा, पेपर लागतच नाही. डिकीच्या आतल्या बाजूला थिनरचा बोळा पण लावून बघा. रंग विरघळून बोळ्याला आला तर तो जुना लॅकर किंवा स्प्रे कॅनचा माल, नीट मारलेला टू के रंग (हार्डनर मिसळून मारतात तो) असा सुटत नाही. आणि क्लिअरचे पापुद्रे निघत असतील, पांढरे चट्टे पडले असतील तर पेपर, मशीन सगळं बाजूला ठेवा, तो भाग रंगवूनच घ्यावा लागतो.

आता पेपर. आकडा जितका मोठा तितका पेपर बारीक. लोक 1000 ने सुरुवात करतात कारण पटकन होतं, मी 2000 च घेतो. पेपर आधी पाण्यात भिजत ठेवायचा, बादलीत थोडा कार शाम्पू, गाडी स्वच्छ धुतलेली, कारण मातीचा एक कण पेपरखाली गेला की तो जी रेघ ओढतो ती काढायला परत तेवढंच घासावं लागतं. नुसत्या बोटांनी घासू नका, बोटांच्या खुणा उमटतात, ब्लॉक वापरा. कडांना आणि बॉडी लाइनवर मास्किंग टेप, कारण तिथे रंग मुळातच पातळ बसतो. दहा-बारा हात मारले की पुसून कोरडं करून बघायचं, उंचवटे मॅट दिसतात आणि खळगे चमकत राहतात, या खडबडीत पोतालाच संत्र्याची साल म्हणतात. सगळे खळगे जाईपर्यंत घासायचा मोह होतो, मला अजूनही होतो. थोडे राहू देतो मी. आणि पाण्याकडे लक्ष ठेवा, दुधाळ पाणी म्हणजे क्लिअर निघतोय, क्लिअर असलेल्या गाडीचा रंगच पाण्यात उतरला तर हात जिथे आहे तिथेच थांबवा. पुढे 3000, तोही आडव्या दिशेने, म्हणजे आधीच्या उभ्या रेघा गेल्या की नाही ते दिसतं.

माझं जे झालं ते पेपरने झालंच नाही. बोनेटवर मीटर 260 दाखवत होतं, म्हटलं भरपूर माल आहे, टेप काढून टाकली आणि रोटरी मशीनवर लोकरीचा पॅड लावून कंपाउंड सुरू केलं. मधल्या उंच घडीवर मशीन जरा जास्तच टेकलं असेल. करड्या रंगाची रेघ दिसली, वाटलं कंपाउंडच वाळलंय, परत पुसलं, परत पुसलं, तो प्राइमर होता. त्या 260 मध्ये बहुतेक सगळी जाडी खालच्या जुन्या रंगाची नि प्राइमरचीच असणार. आता फोमचा पॅड आणि ड्युअल अॅक्शन मशीन (नुसतं गरगर न फिरता डुलतही फिरणारं, रोटरीपेक्षा सौम्य), वेळ दुप्पट लागतो, लागू दे. पहिल्यांदा करताय तर दाराच्या खालच्या भागात हातभर चौकोन करून बघा, बोनेटला शेवटी हात घाला.

एक गोष्ट कोणी विचारत नाही. ऊन अडवायचं काम क्लिअर करतो, तो जितका पातळ कराल तितकी गाडी उन्हात लवकर जाणार, म्हणून वरून वॅक्स किंवा सीलंट लावत राहायचं आणि हा पेपरचा खेळ दरवर्षी करायचा नाही.

त्या रेघेवर मी बारीक ब्रशने टच-अप लावलाय, ऊन तिरकं आलं की दिसतो. बोनेट बघून विचारायला येणाऱ्याला मी आधी तीच जागा दाखवतो.