इन्व्हर्टरवर कुठले पॉइंट घ्यायचे?

शेवटी आमच्या घरात इन्व्हर्टर आला. 'बेळगाव म्हणजे गरिबांचं महाबळेश्वर, इथं फॅन कशाला लागतो' म्हणणारी पिढी घरात अजून आहे, त्यामुळे हा विषय निघाला की तिथंच मिटायचा. पण आता एप्रिलमध्ये फॅनशिवाय झोपून दाखवा म्हणावं. आणि पावसाचं वेगळंच, वळवाची एक सर आली, कुठंतरी फांदी तारेवर पडली की करंट गायब, खानापूर साईडला तर विचारूच नका, तिकडच्या पाहुण्यांकडे जुलैत फोन लागला तर नशीब.

दुकानात गेलं की पहिला प्रश्न येतो, बॅटरी दीडशे एएचची (अँपिअर-अवर, म्हणजे बॅटरीत किती करंट साठतो त्याचं माप) की दोनशेची? मला वाटतं हा प्रश्न नंतरचा. आधी घरातले कुठले पॉइंट इन्व्हर्टरवर घ्यायचे ते ठरवा, आणि ते ठरवायला बसलं की घरात निवडणूकच लागते. आईला देवघर आणि स्वयंपाकघरातली लाईट. बाबांना टीव्ही, बातम्या चुकल्या तर जेवण जात नाही. पोरीला वायफाय आणि तिच्या खोलीतला फॅन. बायको म्हणाली मिक्सर पाहिजे, सकाळी डब्याची घाई असताना करंट जातो तेव्हा चटणीऐवजी तुमच्या बातम्या वाढू काय ताटात?

वायरमन मामा वडगावचे, आयुष्य यंत्रमागांच्या मोटारी दुरुस्त करण्यात गेलेलं. त्यांनी सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "वहिनी, मिक्सर, फ्रिज, गीझर, बोअरची मोटर, ह्यांचं नाव काढू नका बगा." मिक्सर एकटाच पाचशे ते साडेसातशे वॅट खातो आणि मोटर सुरू होताना त्याहून जास्त खेचतो, आपला नऊशे व्हीएचा इन्व्हर्टर म्हणजे साधारण सातशे वॅट, त्यात बाकीचं चालू असेल तर ओव्हरलोडच. बायकोचं डिपॉझिट तिथंच जप्त.

मग मामांनी लाईट बिलाच्या पाठीवर हिशोब मांडला. बारा व्होल्ट गुणिले दीडशे एएच म्हणजे अठराशे वॅट-अवर, हे कागदावर. बॅटरी तळापर्यंत रिकामी करायची नसते आणि इन्व्हर्टर स्वतःही थोडी वीज खातो, म्हणून हातात बाराशे धरा. जुना फॅन पंच्याहत्तर वॅटचा, असे तीन म्हणजे सव्वादोनशे, नऊ वॅटचे पाच एलईडी, राउटर दहाएक वॅट, टीव्ही ऐंशी, झाले तीनशे साठ. म्हणजे जेमतेम सव्वातीन तास. तेच फॅन बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या नव्या मोटरचे, घेतले तर एकेक तीस वॅटच्या आसपास, मग लोड सव्वादोनशेवर येतो आणि पाच तास निघतात. म्हणून मोठ्या बॅटरीत पैसे घालण्याऐवजी आम्ही फॅन बदलले, आणि मी तरी सगळ्यांना हेच सांगतोय.

बीएलडीसीचा आणखी एक फायदा बिलात. कर्नाटक सरकारच्या गृहज्योती योजनेत दोनशे युनिटपर्यंत बिल माफ आहे खरं, पण प्रत्येकाची मर्यादा 2022-23 च्या आपापल्या सरासरीवरून ठरलेली, आणि आम्ही कायम काठावर. त्यात रिकामी बॅटरी परत भरायला दीड-दोन युनिट जातात, हे दुकानदार कधी सांगत नाही. इन्व्हर्टर मात्र साइन वेव्हचाच, म्हणजे मेन लाईनसारखा करंट देणारा घ्या, स्क्वेअर वेव्हवर फॅन रात्रभर घूं घूं करतो.

खरा वेळ गेला तो वायरिंगमध्ये. जुनं घर, कुणी कुठला न्यूट्रल (करंट परत नेणारी तार) कुठं जोडलाय देवाला माहीत. इन्व्हर्टरच्या पॉइंटचा न्यूट्रल वेगळा काढावा लागतो, दुसऱ्या लाईनच्या न्यूट्रलमध्ये मिसळला की आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की लाईन तोडणारा स्विच, पडलाच. मामा बोर्ड उघडायचे, आतल्या तीन रंगांच्या जोडण्या बघायचे आणि ज्यानं आधी काम केलं त्याला कन्नडमध्ये दोन शब्द ऐकवायचे.

बॅटरी कुठं ठेवायची यावरही वाद. आईनं देवघराच्या खालची जागा दाखवली, मामांनी हातच जोडले. चार्ज होताना आपल्या ट्युब्युलर, म्हणजे ॲसिड-पाण्याच्या बॅटरीतून हायड्रोजन निघतो, पेट घेणारा वायू, आणि वर समई. मग मागच्या पडवीत, हवा खेळते तिथं ट्रॉलीवर ठेवली, पन्नास किलोच्या वरचं ते धूड दोघांनी धापा टाकत नेलं. पाण्याची पातळी दाखवणारे दांडे खाली गेले की फक्त डिस्टिल्ड वॉटर, आरओचं पाणी नाही, ॲसिड तर अजिबात नाही. टर्मिनलला व्हॅसलीन. लिथियम बॅटरीला यातलं काही लागत नाही, वजन कमी, टिकतेही जास्त, पण आमच्याकडे करंट तास-दोन तास जातो, तेवढ्यासाठी ती किंमत मला पटली नाही. पुढं छतावर सोलर बसवणार असाल तर गोष्ट वेगळी.

आता एकच डोकेदुखी. हॉलमधला सॉकेट इन्व्हर्टरच्या लाईनवर आहे आणि आलेला पाहुणा नेमकी तिथंच इस्त्री लावतो, हजार वॅटची. करंट नसला की इन्व्हर्टर बोंबलायला लागतो. शेवटी पोरीनं त्या सॉकेटवर लाल टेप मारून स्केचपेननं लिहिलंय, 'इथं इस्त्री नको', एकदा मराठीत, एकदा कन्नडमध्ये.