पेटीवाले : दांडिया बाजार ते वडसर, आमची वाटचाल

दांडिया बाजारात आम्हाला अजूनही ‘पेटीवाले’ म्हणूनच ओळखतात. बाबा प्रतापनगरच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये सुतार होते. ड्युटी संपली की घरी माळ्यावर बसून हार्मोनियमची खोकी करायचे. बडोद्यात त्यांना गिऱ्हाईक कमी नव्हतं. मौलाबक्षांनी सयाजीरावांच्या आश्रयाने 1886 मध्ये सुरू केलेली गायनशाळा पुढे संगीत महाविद्यालय झाली, आणि सुरसागरासमोरच्या तिच्या इमारतीतले विद्यार्थी दुरुस्तीसाठी थेट आमच्या जिन्यात येऊन बसायचे. बाबा प्रत्येक खोकं बोटाच्या पेराने ठोकून बघत आणि म्हणत, “लाकूड वाजत नाही रे, आतली हवा वाजते.” त्या वयात मला हे नुसतं बोलणं वाटायचं.

मी आयटीआय करून 1998 मध्ये स्वतःचं काम सुरू केलं, ते गरब्याच्या स्पीकरपेट्यांपासून. बडोद्याचा गरबा ज्यांनी पाहिला नाही त्यांना सांगतो : एका मैदानावर हजारो माणसं गोल फिरत असतात, गायक प्रत्यक्ष गात असतो, आणि शेवटच्या फेरीतल्या माणसालाही ढोलाचा ठेका त्याच क्षणी पायाखाली लागावा लागतो. एका साउंडवाल्याने अठरा इंची वूफरच्या, म्हणजे खालचे सूर वाजवणाऱ्या मोठ्या स्पीकरच्या, आठ पेट्यांची ऑर्डर दिली. दोन पेट्या तिसऱ्या माळेला परत आल्या. ठेक्याबरोबर मागची फळी झरझरत होती. घाईत मी ती फळी नुसत्या स्क्रूवर बसवली होती, सांध्याला फेविकॉल लावायचं राहिलं होतं, आतून आडवी पट्टीही नव्हती. बाबांनी काही न बोलता क्लॅम्प काढून दिले. पहाटेपर्यंत आम्ही दोघांनी दोन्ही पेट्या उघडून, चिकटवून, आत पट्ट्या घालून पुन्हा बंद केल्या. त्यानंतर आमच्याकडे कोरड्या सांध्याची पेटी झालेली नाही.

आकडे शिकलो ते कलाभवनातल्या एका सरांकडून. 1890 चं कलाभवन आज विद्यापीठाची इंजिनिअरिंग फॅकल्टी आहे, पण जुने बडोदेकर कलाभवनच म्हणतात. सर स्वतःच्या घरचे स्पीकर करून घ्यायला आले होते. मी पेटीचं माप ‘साधारण एवढं’ म्हणून हाताने दाखवलं, तेव्हा त्यांनी माझ्याच पाठकोऱ्या कागदावर तीन आकडे लिहिले. वूफर उघड्यावर स्वतःहून कोणत्या सुरात डोलतो, तो एक. डोलायला लागल्यावर किती लवकर आवरतो, तो दुसरा. आणि त्याच्या पडद्याच्या ताठपणाला तोलून धरेल एवढी हवा किती लिटर, तो तिसरा. ऑस्ट्रेलियात नेव्हिल थीलने 1961 मध्ये आणि नंतर सत्तरच्या दशकात रिचर्ड स्मॉलने हे गणित मांडलं, म्हणून त्या आकड्यांना थील-स्मॉल म्हणतात. बाबा जे पेराने ठोकून सांगत होते, ते इथे कागदावर उतरलेलं दिसलं. त्या दिवशी मी दुकान लवकर बंद केलं आणि त्यांना तो कागद नेऊन दाखवला.

गाड्यांचं काम 2006 मध्ये आलं. पहिली गाडी एक छोटी हॅचबॅक. मैदानाची सवय असल्याने मी बारा इंची वूफरला नळीची, म्हणजे पोर्टवाली, मोठी पेटी केली. गाडी सुरू केली तर नुसती गुंगुं! शब्द कळेना, ठेका कळेना. कारण समजायला बरेच आठवडे गेले. 40 हर्ट्झचा सूर हवेत साडेआठ मीटरची लाट घेऊन जातो. मैदानात ती पसरते. गाडीची केबिनच त्या लाटेहून लहान, तिथे लाट पसरत नाही, सगळी हवा एकदम दाबली जाते आणि खालचे सूर आपोआप चढतात. म्हणजे गाडीत खालचा बास केबिन स्वतःच देते, पेटीने त्यात भर घालायची नसते, सांभाळून द्यायचं असतं. तेव्हापासून लहान गाडीला आम्ही बंद पेटीच सुचवतो. कोणी डिकीत दोन बारा इंची मागितले तर समजावतो, आणि नाहीच ऐकलं तर काम नाकारतो. वूफरचा कागद बघितल्याशिवाय फळी कापत नाही. यामुळे काही गिऱ्हाइकं गेली, त्याचं वाईट वाटत नाही.

मधल्या वर्षांचं फारसं सांगण्यासारखं नाही. धाकटा भाऊ धंद्यात आला, जागा वडसरला घेतली, लाकूड कोरायचं राऊटर मशीन आलं, फायबरचं काम, म्हणजे काचेच्या तंतूंच्या मॅटवर रेझिन (घट्ट होणारी राळ) लावून कवच करायचं काम, सुरू झालं.

31 जुलै 2019 मात्र विसरता येत नाही. बडोद्यात चोवीस तासांत वीस इंच पाऊस पडला, विश्वामित्री रस्त्यावर आली, आणि वडसरच्या आमच्या शेडमध्ये कमरेएवढं पाणी होतं. मगरी असलेली नदी ती, त्यामुळे पाणी उतरेपर्यंत आत पाय टाकायची कोणाची हिंमत नव्हती. चौथ्या दिवशी शटर उघडलं. एमडीएफच्या, म्हणजे दाबलेल्या लाकडी भुशाच्या, चाळीस शीट भिजलेल्या पावासारख्या फुगल्या होत्या, हात लावला की भुगा. तयार पेट्यांचे सांधे उमलले होते. फायबरचे साचे तेवढे तरंगत तरंगत एका कोपऱ्यात जमले होते. पाइपने धुतले, पुसले, एकालाही काही झालं नव्हतं. भावाने तिथेच ठरवलं, डिकीच्या तळाला लागणाऱ्या भागात यापुढे एमडीएफ नाही. पाण्याला टिकणारा मरीन प्लाय किंवा फायबर. किंमत वाढते, ती गिऱ्हाइकाला कारणासकट सांगतो. माल आता चार फूट उंच रॅकवर असतो. ऑगस्ट 2024 मध्ये विश्वामित्री पुन्हा शिरली तेव्हा रॅकखालचे दोन पंखे गेले, बाकी काही नाही.

आता ज्या कामाबद्दल लोक सगळ्यात जास्त विचारतात, ते. 2021 मध्ये मकरपुरा जीआयडीसीतले एक तरुण कारखानदार बीएमडब्ल्यू झेड फोर घेऊन आले. दोन सीटची, पत्र्याचं छत दुमडून डिकीत जाणारी गाडी. छत वर असताना डिकी 310 लिटर, छत आत गेलं की 180. त्याआधी एका दुकानात त्यांना तयार पेटी बसवून दिली होती. पेटी डिकीतल्या पडद्याला अडत होती. तो पडदा जागेवर बसला नाही तर छत उघडतच नाही. म्हणजे उघड्या छताची गाडी घेऊन माणूस आठ महिने बंद छताने फिरत होता. शिवाय डिकी आणि केबिन यांच्यामध्ये भिंत, बास मागेच घुमायचा, नंबरप्लेट थरथरायची आणि कानाला काही मिळायचं नाही.

सुदैवाने या गाडीत दोन सीटांच्या मध्ये, लांब सामान सरकवण्यासाठी, डिकीतून आत एक छोटं दार होतं. आवाजाला वाट तीच. पेटी त्या दाराला बिलगून, पडद्याच्या खाली, तळाच्या खाचाखोचांत बसवायची आणि वूफरचं तोंड दाराकडे. जागेत मावणारा वूफर दहा इंची, कमी खोलीचा. त्याच्या कागदावर 32 हर्ट्झ, 0.45 आणि 24 लिटर. सोळा लिटर हवा दिली की पेटीत तो मधला आकडा 0.71 वर येतो, म्हणजे बास घट्ट, लोंबणारा नाही. सूर साधारण 50 हर्ट्झला बसतो, त्याखालचं केबिन सांभाळते. वूफरच्या मागच्या भागाने खाल्लेली जागा आणि आतल्या पट्ट्या धरून कवच अठरा लिटरचं हवं होतं.

आधी पुठ्ठ्याचा साचा. मग डिकीत मास्किंग टेपचे दोन थर, त्यावर अॅल्युमिनियमची फॉइल, त्यावर वॅक्स. या तीन गोष्टींत आळस केला तर रेझिन गालिच्याला धरतं आणि दुसऱ्याची गाडी कायमची खराब होते. मे महिना होता. बडोद्याच्या मे महिन्यात दुपारी रेझिनमध्ये नेहमीएवढं हार्डनर टाकलं तर मगातच गोळा होतो आणि वाफ निघायला लागते, हे आम्ही पूर्वी एकदा भोगलं होतं. म्हणून पहाटे पाचला, हार्डनर निम्म्याने कमी करून, साडेचारशे ग्रॅमच्या मॅटचे पहिले दोनच थर गाडीत टाकले. दारं, डिकी सगळं उघडं ठेवून. दोन थर धरले की कवच बाहेर काढायचं आणि बाकीचे चार थर शेडमध्ये, म्हणजे रेझिनचा वास गाडीत राहत नाही. नव्याने हे काम करणाऱ्यांना एक कळकळीने सांगतो : हार्डनर आणि कोबाल्ट (रेझिन लवकर धरावं म्हणून घालतात ते) कधीही थेट एकमेकांत मिसळू नका. स्फोट होतो. कोबाल्ट आधी रेझिनमध्ये पूर्ण ढवळून घ्या, हार्डनर शेवटी.

वेड्यावाकड्या कवचाचं आकारमान फूटपट्टीने निघत नाही. आम्ही ज्वारी वापरतो. आईने सुरुवातीला घरातल्या डब्यातली दिली होती, आता त्यासाठी वेगळं पोतं आहे, त्यावर ठळक लिहिलंय ‘खायची नाही’. कवच काठोकाठ भरलं आणि लिटरच्या मापाने परत मोजलं तर सव्वाएकोणीस निघाली. सव्वा लिटर जास्त. आत लाकडाचे ठोकळे चिकटवून ते भरून काढलं. तोंडाची फळी अठरा मिलिमीटर मरीन प्लायची, मागून आडवी पट्टी, सांध्याला आतून सगळीकडे रेझिन.

गळतीसाठी उदबत्ती. तीस हर्ट्झचा सूर हळू आवाजात सोडायचा आणि धूर सांध्याजवळून फिरवायचा. जिथे हवा निसटते तिथे धुराची रेघ तुटते. वायरच्या भोकापाशी ती तुटली, तिथे सीलंट भरलं.

सगळ्यात धाकधूक छताची होती. पुतणीच्या शाळेच्या क्लेचे गोळे करून पेटीच्या माथ्यावर आणि कडांवर ठेवले, छत हळूहळू आत घेतलं, पुन्हा वर केलं आणि प्रत्येक गोळा किती चेपला ते मोजलं. डाव्या मागच्या कोपऱ्यात फक्त चार मिलिमीटर अंतर. चालत्या गाडीत खड्ड्याला ते पुरणार नाही. तो कोपरा कापला, पुन्हा मॅट मारली, पुन्हा ज्वारी, पुन्हा उदबत्ती. तीन दिवस वाढले. दुसऱ्यांदा बारा मिलिमीटर मिळाले. पेटी सामान बांधायच्या कड्यांनाच अडकवली, गाडीला एकही नवीन भोक पाडलं नाही. बॅटरीजवळ फ्यूज, पूर्ण तांब्याची वायर. स्वस्त वायरीत अॅल्युमिनियमवर तांब्याचा नुसता मुलामा असतो, ती आम्ही ठेवतच नाही.

गाडी द्यायच्या संध्याकाळी बाबांना बोलावलं. त्यांना खाली वाकून बसायला त्रास झाला, आम्ही दोघांनी धरून बसवलं. मालकांनी तबल्याचं एकल वादन लावलं. पहिलं छत बंद, मग अकोट्याच्या पुलापर्यंत छत उघडून. बाबा डोळे मिटून ऐकत होते. परत आल्यावर म्हणाले, “डग्ग्याची मींड येतेय. नुसता धप्पा नाहीये.” आणि सवयीने डिकीत हात घालून पेटी पेराने ठोकली.

त्या पेटीचा साचा आम्ही जपून ठेवला. पुन्हा तीच गाडी आली तर आठ दिवसांचं काम तीन दिवसांत होईल असा हिशेब होता. गेल्या दिवाळीत सुरतेहून एक आलीही, त्याच मॉडेलची. भावाने साचा उतरवून पुसला, मी डिकी उघडली, तर सीटांच्या मधलं ते दार या गाडीला नव्हतंच. ते ऑप्शनमध्ये मिळायचं. साचा परत भिंतीवर गेला, आणि आम्ही पुठ्ठा काढला. या वेळी पेटी सीटच्या मागे बसवायची आहे. तिथे जागा सोळा लिटरची नाही, जेमतेम अकरा लिटरची, म्हणून वूफर आठ इंची घ्यावा लागेल. कागद मागवला आहे.