इझनिकचा उठावदार लाल : तिसऱ्या भट्टीनंतर

मागच्या भट्टीत तुर्कस्तानातील इझनिक गावच्या जुन्या भांड्यांच्या धर्तीवर घडवलेल्या माझ्या ताटलीवरचा फिरोजी मनासारखा उतरला होता, परंतु ट्यूलिपच्या पाकळ्यांचा लाल सपाट आणि विटकरी राहिला. म्हणून या खेपेस सगळे लक्ष लाल रंगावरच दिले.

माझ्यासमोरचा आदर्श फ्रेंच कुंभकार तेओदोर देक यांच्या कामाचा आहे. १८५६ मध्ये त्यांनी पॅरिसला कार्यशाळा काढली आणि सोळाव्या शतकातील इझनिकच्या भांड्यांचा अभ्यास करून त्या धर्तीची ताटे घडवली. पॅरिसच्या क्लूनी संग्रहालयात ऱ्होड्स बेटावरून आलेल्या मोठ्या संग्रहामुळे ही तुर्की भांडी त्या काळी ‘ऱ्होड्सची’ म्हणून ओळखली जात. देक यांचा फिरोजी त्यांच्याच नावाने प्रसिद्ध झाला. तांब्यापासून असा निळा मिळवायचा तर ग्लेझमध्ये, म्हणजे भांड्यावरच्या काचेसारख्या लेपात, सोडा-पोटॅशसारखे क्षार भरपूर लागतात, कारण शिशाच्या ग्लेझमध्ये तेच तांबे हिरवे होते; मात्र क्षारयुक्त ग्लेझ थंड होताना फार आकसते आणि साध्या मातीवर त्याला बारीक तडे जातात. इझनिकच्या कारागिरांनी भांड्याच्या अंगातच बहुतांशी गारगोटीची पूड वापरली, त्यामागे हेही एक मोठे कारण आहे.

लाल रंगाची गोष्ट निराळी आहे. तो विरघळणारा रंग नसून लोहयुक्त मातीचा जाड थर असतो. पांढऱ्या स्लिपवर (पातळ कालवलेल्या मातीच्या थरावर) काळी बाह्यरेषा काढून मी पाकळ्यांत गेरू व गारगोटीची पूड यांचे मिश्रण तीन हात दिले आणि प्रत्येक हात पूर्ण वाळल्यावरच पुढचा लावला. भट्टी उघडल्यावर बोटाला पाकळीचा उंचवटा जाणवला आणि मध्यभागी पिकल्या टोमॅटोसारखा लाल दिसला, तेव्हा फार आनंद झाला. कडेला जेथे थर पातळ पडला होता, तेथे ग्लेझने लोह खाऊन पिवळसर तपकिरी झाक आणली आहे. एका पाकळीवर चौथा हात दिला होता. तिच्यावरचे ग्लेझ मागे सरकून उघडी माती दिसते.

लंडनमध्ये चित्रकार फ्रेडरिक लेटन यांच्या घरातील अरब दालनात इंग्रज कुंभकार विल्यम डी मॉर्गन यांनी दमास्कसच्या जुन्या टाइल्स बसवताना उणीव होती तेथे स्वतःच्या टाइल्स घातल्या. मला हे काम त्यांच्या फुलदाण्यांहून मोलाचे वाटते, कारण अस्सल टाइलच्या शेजारी बसल्यावर रंगातला किंचित फरकही लपत नाही.

पुढच्या भट्टीत हात तीनच ठेवून पाकळीची कड आधी भरून घेणार आहे.