खिशातला खडू

बेलफास्टच्या ड्राय डॉकमधलं, म्हणजे जहाज दुरुस्तीच्या कोरड्या करता येणाऱ्या गोदीतलं, पाणी पहाटे उपसून झालं आणि आम्ही तळाशी उतरलो. ठोकळ्यांवर टेकलेलं जहाज डोक्यावर, हातात टॉर्च, खिशात खडू. खडूची सवय माझगावच्या गोदीतल्या उमेदवारीपासूनची. सपाट तळाखाली मान वाकवून चालत होतो. बिल्ज कील, म्हणजे जहाज कमी डोलावं म्हणून तळाच्या कडेला बसवलेली लांब पट्टी, तिच्या टोकापाशी गंजाचा एक बारीक ओघळ दिसला. वायर ब्रशने घासलं तर वीतभर तडा. खडूने गोल केला.

मालकांच्या माणसाला फोन लावला. तो म्हणाला, "जहाज परवा निघायलाच हवं. पुढच्या डॉकिंगला बघू."

शेजारी उभे असलेले तिथले म्हातारे फोरमन त्या गोलाकडे बघत म्हणाले, "हार्लंडसाहेबही खिशात खडू ठेवायचे."

एडवर्ड हार्लंड. न्यूकॅसलला स्टीफन्सन यांच्या कारखान्यात उमेदवारी केलेला इंजिनियर. 1854 साली तेविसाव्या वर्षी इथे मॅनेजर म्हणून आला आणि चार वर्षांनी तोच यार्ड 5,000 पौंडांना विकत घेतला. हस्तिदंती पट्टी आणि खडू घेऊन यार्डभर फिरायचा. चूक दिसली की खूण. त्याची जहाजं लांब आणि अरुंद. वरचा डेकही लोखंडी, त्यामुळे अख्खं जहाज एखाद्या पोकळ तुळईसारखं ताठ. लोकांनी त्यांना शवपेट्या म्हणून हिणवलं, पण ती तरली, आणि मालही जास्त नेऊ लागली. तळ सपाट ठेवायची पद्धतही त्याचीच.

हे मला ठाऊक होतं. फोरमननी पुढे सांगितलं ते मात्र मनात घर करून राहिलं. 1864 च्या दंगलीत प्रोटेस्टंट कामगारांनी कॅथलिकांना यार्डातून हुसकावलं. हार्लंडने बजावलं, त्यांना परत येऊ द्या, नाहीतर यार्ड बंद करतो. तो स्वतः प्रोटेस्टंट, धंदा अजून कोवळा, तरी बोलला! पुढे तो बंदर मंडळाचा अध्यक्ष झाला, शहराचा महापौर झाला. 1886 मध्ये पुन्हा दंगल पेटली, त्याने पुन्हा तोच इशारा दिला. तेव्हा मात्र त्याचं चाललं नाही. बहुतेक कॅथलिक कामगार जीव मुठीत धरून निघून गेले. हे सांगताना फोरमन खाली बघत होते. मला वाटतं, पहिल्या वेळेइतकीच ही दुसरी वेळही सांगायला हवी.

मी पुन्हा फोन लावला. म्हणालो, तडा दुरुस्तीच्या यादीत चढवतोय आणि क्लासच्या, म्हणजे जहाजाची मजबुती तपासून दाखला देणाऱ्या संस्थेच्या, सर्व्हेयरला बोलावतोय. पलीकडे आवाज चढला. मी ऐकून घेतलं. नोकरीची धाकधूक होती, खोटं कशाला सांगू.

दुपारी गॅस कटरने तेवढा पत्रा कापून काढला. दोघांनी तो उलटा केला. आतल्या बाजूचा तडा फोरमननी टेपने मोजला. बाहेरच्यापेक्षा जवळजवळ दुप्पट लांब होता.